पैसे भोवऱ्याचे, उडी पायांची

आमच्याकडच्या घोडेबाजारात सगळं विकायला असतं, फक्त पाय विकायला नसतात. पाय घोड्याबरोबर फुकट येतात असं धरून चालतात. रंगाला पैसे, कानाला पैसे, भोवऱ्याला पैसे आणि नाचाला तर विचारूच नका. आणि अशा बाजारात आता शहरातली माणसं येऊन विचारायला लागली आहेत, "उडी मारणारा घोडा आहे का?"

त्यांचंही बरोबर आहे. पुण्या-मुंबईकडं पोरं-पोरी घोडेस्वारी शिकतात. आडव्या काठ्यांवरून घोडा उडवायच्या स्पर्धा असतात. क्लबातला घोडा महाग, मग आईबाप म्हणतात, खेड्यात जाऊ, तिथं स्वस्त मिळेल. गाडी काढतात, अकलूजला येतात, सारंगखेड्याला जातात, माळेगावच्या यात्रेत हिंडतात. शोधायला निघतात उडी आणि घरी घेऊन येतात देवमणी.

मी या सगळ्या रीतीच्या विरुद्ध लिहितोय. विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्याही. दोघांना राग आला तर येऊ दे. माझं शिक्षण दहावीपर्यंतचं, पण चाळीस वर्षांत माझी दावण घोडीशिवाय राहिलेली नाही. उसाचं पाचट काढता काढता जेवढं वाचता येतं तेवढं वाचलंय, आणि घोड्याच्या पायाशी बसून त्याहून जास्त शिकलोय.

आधी भोवऱ्याचं घेऊ. घोड्याच्या अंगावर केसांचे भोवरे असतात, जसे माणसाच्या डोक्यावर असतात. गळ्याखाली भोवरा असला की देवमणी, शुभ. दुसरीकडं कुठं असला की अशुभ, मालक मरतो, घर बसतं. चार पाय पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा असला की पंचकल्याणी. हे आजचं नाही, जुन्या अश्वशास्त्राच्या पोथ्यांतून चालत आलंय. त्या पोथ्यांत औषधपाणीही होतं, खुराकही होता, दातांवरून वय ओळखणंही होतं. आम्ही पोथीतलं कष्टाचं तेवढं विसरलो आणि फुकटचं तेवढं लक्षात ठेवलं.

भोवऱ्याची किंमत का चढते माहीत आहे का? कारण त्याची परीक्षा घेता येत नाही. पाय लंगडा निघाला तर तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक परत येऊन गळा धरेल. देवमणी खोटा निघाला म्हणून आजवर कोण परत आलंय? घरात चांगलं झालं तर देवमण्यानं झालं, वाईट झालं तर तुमच्या नशिबानं झालं. असा माल कुठल्या दलालाला नको असेल? म्हणून तो तुम्हाला घोड्याचा गळा दाखवतो, कानाची टोकं कशी एकमेकाला भिडतात ते दाखवतो, आणि टापा मात्र गवतात उभ्या ठेवतो.

मला कोणी म्हणेल, अण्णा, तुम्ही श्रद्धेवर बोलू नका. मी श्रद्धेवर बोलतच नाही. देवमणी दिसला तर हात लावा आणि कपाळाला लावा. माझी आई लावायची. पण ती पैसे मात्र घोडी चालवून बघितल्यावर द्यायची. पाया पडायला पैसे लागत नाहीत. पैसे मोजायचे ते पायांचे मोजा.

आता नाच. सारंगखेड्याला तापीकाठी एकमुखी दत्ताच्या यात्रेत मार्गशीर्षात मोठा बाजार भरतो. मारवाडी येतात, काठेवाडी येतात, पंजाबकडचे पांढरे नुकरे येतात, सिंधी येतात. बघण्यासारखा बाजार आहे, मीही जाऊन बघत उभा राहतो. हलगी वाजते, घोडा जागच्या जागी टापा आपटतो, कुणी खाटेवर चढून नाचवतो, लोक नोटा उधळतात. नाचाच्या घोड्यावर कितीतरी घरांची चूल पेटते. वरातीच्या चार महिन्यांत जे मिळतं त्यावर घोडेवाला वर्ष काढतो. त्याला मी नावं ठेवणार नाही.

पण नाच म्हणजे उडी नव्हे, हे कुणीतरी ओरडून सांगायला पाहिजे. नाचाच्या घोड्याची मान लगामानं वर ओढून छातीशी बांधल्यासारखी केलेली असते. मान वर, पाठ पोकळ, पाय जागच्या जागी. उडीला याच्या बरोबर उलटं लागतं. घोडा काठीजवळ येताना मान लांब करतो, मागचे पाय पोटाखाली घेतो, तिथून रेटा देतो, पुढचे गुडघे दुमडून वर घेतो आणि वरून जाताना पाठ कमानीसारखी गोल करतो. उतरताना क्षणभर सगळं वजन, स्वारासकट, पुढच्या एका पायावर येतं. एका पायावर! ज्या घोड्याला दोन वर्षं पाठ पोकळ ठेवून टापा आपटायला शिकवलं, त्याला तुम्ही एका दिवसात कमान करायला सांगणार? तरी दलाल सांगतो, "साहेब, बघा कसा उचलतोय पाय! हा काय उडणार नाही होय?" आणि साहेब मान डोलावतात.

तिसरी गोष्ट वयाची. ही सगळ्यात वाईट. घोड्याच्या गुडघ्याजवळच्या हाडाची वाढ अडीच वर्षांपर्यंत चालू असते. पाठीचे मणके पक्के व्हायला पाच-सहा वर्षं लागतात. आणि आमच्याकडं दोन वर्षांच्या शिंगरावर दणकट बाप्या बसवून बाजारात पळवतात. का, तर लवकर विकला की खुराक वाचतो. ते शिंगरू चार वर्षांचं होईपर्यंत म्हातारं होतं. वर तोंडात काटेरी लगाम. प्राण्यांच्या छळाविरुद्ध १९६५ सालचे नियम आहेत, त्यांत काटे असलेला लगाम वापरायला बंदी आहे. साठ वर्षं होत आली. बाजारात फिरून बघा, दुकानावर टांगलेले दिसतील.

एक घडलेली गोष्ट सांगतो. एका शहरातल्या शाळामास्तरांनी आपल्या मुलीसाठी, वय वर्षं तेरा, एका बाजारातून घोडा घेतला. बाजाराचं नाव घेत नाही, विकणाऱ्याचंही नाही, कारण असले बाजार आणि असले विकणारे गावोगाव आहेत. "सहा वर्षांचा, उडीला तयार" म्हणून घेतला. उडी दाखवलीही होती. चारी ओलांडून घोडा टणकन पलीकडं गेला. मास्तर खूश. घरी नेला. आठवड्यानं मुलीनं गुडघाभर काठीवर घातला. घोडा काठीशी येऊन खिळल्यासारखा थांबला. घोडा अलीकडं, पोरगी पलीकडं. खांद्याचं हाड मोडलं. वाचली, हे देवाचे उपकार.

मास्तरांनी ओळखीतून मला बोलावलं, घोडा विकून द्या म्हणून. मी गेलो.

"अण्णा, तुम्हीच सांगा, आमचं कुठं फसलं?" मास्तर म्हणाले.

"सर, दात बघितले होते का?"

"त्यांनी सहा वर्षांचा सांगितला."

"ते त्यांनी सांगितलं. घोडा काय सांगतोय ते बघू."

ओठ उचलला. मधले दोन दात पक्के, बाजूचे सगळे दुधाचे. तीन वर्षांचं पोर होतं ते. पुढच्या डाव्या पायाला मागून हात फिरवला तर शीर जाड आणि गरम. मग मी चारीचं विचारलं. चारीच्या पलीकडं काय होतं? मास्तरांच्या मुलीनंच सांगितलं, "पलीकडं एक घोडी बांधलेली होती, आजोबा. आणि मागं एक माणूस चाबूक घेऊन उभा होता."

म्हणजे झालं की. पुढं घोडी आणि मागं चाबूक असला तर रेडासुद्धा चारी ओलांडेल. ती उडी नव्हती, पळून जाणं होतं. पायाला दुखणं मारायचं इंजेक्शन दिलेलं असणार हा माझा अंदाज, सिद्ध करता येत नाही म्हणून अंदाजच म्हणतो. मी मास्तरांना घोडा विकून दिला नाही. वर्षभर मोकळा चरू द्या, म्हणालो. त्यांना जागा नव्हती, खर्च झेपत नव्हता. पुढं कळलं, तो घोडा फिरून बाजारातच गेला. उडीला तयार, सहा वर्षांचा.

यात नुकसान कुणाचं झालं? मुलीचा खांदा गेला, मास्तरांची पुंजी गेली, त्या मुक्या जनावराचा पाय गेला. आणि चौथं नुकसान कुणी मोजत नाही. ज्या शेतकऱ्यानं चार-पाच वर्षं खुराक घालून, पाय सांभाळून खरं शिंगरू वाढवलं, त्याचा घोडा बाजारात तसाच उभा राहतो. त्याच्या घोड्याला देवमणी नाही, नाच येत नाही. तो प्रामाणिकपणे सांगतो, "अजून शिकवायचाय." असल्याला कोण विचारतो! पुढच्या वर्षी तोही शिंगराला हलगीवर नाचवायला लागतो. चांगला माल बाजारातून असा हाकलला जातो.

शहाणी माणसं यावर म्हणतात, खेड्यात कसला आलाय उडीचा घोडा, ते परदेशातून आणायचं काम आहे. २०२१ साली टोकियोच्या ऑलिम्पिकला आपला फवाद मिर्झा गेला, वीस वर्षांनी आपला घोडेस्वार तिथं दिसला. त्याचा घोडा सेनियॉर मेडिकॉट जर्मनीतला होता, ही गोष्ट खरी आहे. पण जर्मनीत का मिळतो, तेही विचारा. तिथल्या मातीत काय वेगळं पिकत नाही. तिथं घोड्याच्या आईबापाची नोंद ठेवतात, वळू ठरवण्याआधी त्याला मोकळा सोडून काठ्यांवरून उडवून बघतात, आणि त्या उडीची नोंद करतात. आपण नोंद ठेवतो ती भोवऱ्याची. जे मोजाल ते पिकेल.

आणि उडीचा घोडा गरिबाच्या दारात नसतोच, हे तर साफ खोटं. अमेरिकेत १९५६ साली हॅरी डी लेयर नावाचा एक डच घोडेशिक्षक पेनसिल्व्हेनियात घोड्यांच्या लिलावाला गेला. पोचायला उशीर झाला. उरलीसुरली घोडी खाटकाच्या गाडीत चढलेली होती. त्यातलं नांगराला जुंपलेलं एक पांढुरकं घोडं त्यानं ८० डॉलरला उतरवून घेतलं. नाव ठेवलं स्नोमॅन. पुढं शेजारच्या एका डॉक्टरला विकूनही टाकलं. तर ते घोडं कुंपणावरून उड्या मारून परत ह्याच्याच दारात हजर! तेव्हा याच्या डोक्यात उजेड पडला. दोन वर्षांनी, १९५८ साली, त्याच नांगराच्या घोड्यानं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये भल्याभल्यांना मागं टाकलं. चिली देशातला उआसो शर्यतीत चालला नाही म्हणून बाजूला पडलेला घोडा. १९४९ साली तो २.४७ मीटर उडाला, म्हणजे आठ फुटांच्या वर. तो विक्रम अजून मोडलेला नाही. यातल्या कुणाचा भोवरा कुणी बघितला होता?

लांब कशाला, आमच्या नीरा-भीमेच्या खोऱ्यात बघा. राज्यगीतात भीमथडीच्या तट्टाचं नाव येतं, ते ऐकून आपली छाती फुगते. ते तट्टू आज कुठं आहे? धनगराच्या वाड्यामागं आहे. पाठीवर भांडी, वाघर, कोकरं, वर एखादी कोंबडी, असा सगळा संसार घेऊन ते ओढे, बांध, चाऱ्या ओलांडत कोकणापर्यंत जातं. पन्नास-बावन्न इंच उंचीचं असतं, पायानं दगडासारखं. आता सरकारदरबारी त्याची वेगळी जात म्हणून नोंदही झाली. ते पाच फुटांची काठी उडणार नाही, तसं मी म्हणतही नाही. पण बारा-तेरा वर्षांच्या पोरीला दोन-अडीच फुटांवर शिकायला बासष्ट इंचांचा नाचरा मारवाडी हवा कशाला? पडली तर जमीन जवळ पाहिजे. मात्र धनगराचं चालतं घोडं मागू नका, त्याचा संसार त्याच्यावर असतो. शिंगरू सांगून ठेवा आणि चार वर्षं थांबायची तयारी ठेवा. थांबायची तयारी नसेल तर सायकल घ्या.

नुसतं वाईट बोलून भागत नाही, म्हणून घोडा कसा बघायचा तेही सांगतो. बाजारात ठरवू नका. बाजारात फक्त ओळख करा, पत्ता घ्या, आणि न सांगता सकाळी त्याच्या गोठ्यावर जा. घोडा रात्रभर उभा आहे, अंग गार आहे, तेव्हाच खरं दुखणं दिसतं. पहिल्यांदा दात. मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास पालटते, पुढची साडेतीनला, कडेची साडेचारला. पाचाव्या वर्षी तोंड जुळतं. जुळल्याशिवाय उंच काठीचं नाव काढू नका. मग पाय. गुडघ्याखाली मागून हात फिरवा, दोन्ही पाय ताडून बघा. गार, सुकं, ताठ पाहिजे. मग टणक जमिनीवर, दोर ढिला सोडून, दुडक्या चालीनं सरळ पळवा आणि डोकं बघा. पुढचा पाय दुखत असेल तर त्या पायावर डोकं वर जातं आणि चांगल्या पायावर खाली येतं. दोर आवळून धरला असेल तर समजा की काहीतरी लपवताहेत.

मग उडी. स्वार नको, जीन नको. भुसभुशीत जमिनीवर बांबू आधी आडवा टाका, मग फूटभर, मग दोन फूट. बांबू बांधू नका, पाय लागला तर पडला पाहिजे. पलीकडं घोडी नको, खुराकाची बादली नको, मागं चाबूक नको. घोडा घराकडं तोंड करून नको, घराकडं सगळेच पळतात. उंची किती उडाला ते बघू नका. काठीकडं बघतो का, कान पुढं करतो का, गुडघे दुमडतो का, पाठ गोल करतो का, ते बघा. आणि एक खूण ध्यानात ठेवा. एकदा पाय लागून बांबू पडला की पुढच्या खेपेला जो घोडा आपणहून जास्त पाय उचलतो, तो घोडा घ्या. त्याला अक्कल आहे आणि जिवाची काळजी आहे. त्याच्या पाठीवर तुमच्या पोरीची काळजीही घेतली जाईल.

त्यानंतर आधी त्यांचा माणूस बसवून बघा, मग तुमचा. दोन दिवसांनी परत जा. जनावरांच्या डॉक्टरांना बरोबर न्या. रक्त तपासून घ्या, ग्लँडर्सची तपासणी तर सोडूच नका. तो रोग माणसालाही लागतो आणि निघाला तर घोडा मारावा लागतो. घोड्याला लाख मोजणारी माणसं डॉक्टरांच्या फीला महाग म्हणतात, तेव्हा मला हसावं का रडावं कळत नाही.

आता बाजार भरवणाऱ्या समित्यांना विचारतो. नाचाच्या स्पर्धेला मांडव घालता, दिवे लावता, बक्षिसं देता, पाहुणे बोलावता. त्याच मैदानाच्या कडेला एक पट्टा रोटाव्हेटर मारून भुसभुशीत करायला काय लागतं? दहा बांबू आणि आठ रिकामी पिंपं, एवढंच सामान. घोडा मोकळा सोडून उडवून दाखवायचा, सगळ्यांसमोर. दारात एक डॉक्टर बसवा, दात बघून वय लिहू दे, पावतीवर शिक्का मारू दे. ज्याला दाखवायचं नाही त्यानं दाखवू नये, पण गिऱ्हाइकाला कळू दे की यानं दाखवलं नाही. एवढं केलंत तर दोन हंगामांत शेतकऱ्याला कळेल की पाय सांभाळण्यात पैसा आहे. मग तो शिंगरावर दोन वर्षांत बसणार नाही. कायद्यानं जे साठ वर्षांत झालं नाही, ते गिऱ्हाइकाच्या एका सवयीनं होईल.

पेपरवाल्यांनाही हात जोडून सांगणं आहे. अमुक घोड्याची किंमत कोटीत, अशी बातमी दरसाल छापता. ती मागितलेली किंमत असते. सौदा कितीला सुटला ते कुणी छापत नाही, सुटला का तेही नाही. त्या आकड्यावर आमची तरणी पोरं जमीन गहाण टाकून घोडी घ्यायला निघतात. एकदा तरी छापा की हा घोडा पाच वर्षांचा आहे, चारी पाय गार आहेत आणि तीन फूट स्वच्छ उडाला.

आणि शहरातल्या पाहुण्यांनो, तुम्हाला शेवटचं. "उडीचा घोडा आहे का?" असं विचारत येऊ नका. तसं विचारलंत की बाजारातला प्रत्येक घोडा उडीचा होतो. "पाच वर्षांचा, पायानं निरोगी घोडा दाखवा आणि माझ्यासमोर मोकळा उडवा," असं म्हणा. दहातले नऊ दलाल तिथंच पाठ फिरवतील. जो राहील त्याच्याशी चहा घ्या. तो कदाचित भाव कमी करणार नाही. करू नये त्यानं. त्यानं पाच वर्षं जे पाय सांभाळलेत, त्यांच्यावर उद्या तुमचं लेकरू बसणार आहे.